कचेरीतील मौन : प्रस्तावना

एखाद्या सरकारी रस्त्यावर खडीचा थर ठरल्यापेक्षा कमी पडला आणि मोजमाप-पुस्तिकेत मात्र तो पुरेपूर भरला गेला, तर ही गोष्ट एकट्या ठेकेदारालाच ठाऊक असते असे नाही; ती नोंद करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला ती ठाऊक असते, नोंद तपासल्याची सही करणाऱ्या उपअभियंत्याला ठाऊक असते, बिल पुढे सरकवणाऱ्या लेखाशाखेतील कारकुनाला तिचा वास लागलेला असतो, रोलर चालवणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि मुकादमाने तर ती उभे राहून करवून घेतलेली असते. एवढी माणसे जाणती असूनही पहिल्या पावसाळ्यात रस्ता उखडेपर्यंत तिची कागदावर कोठेही वाच्यता होत नाही, आणि उखडल्यानंतर जी चौकशी बसते तिच्यापुढे यांपैकी प्रत्येक जण आपल्याला काहीच माहीत नव्हते अशी जबानी देऊन मोकळा होतो. गैरव्यवहार कसे घडतात, पैसा कोणत्या वाटेने जातो आणि त्याचे वाटेकरी कोण, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु घडलेला गैरव्यवहार जाणणारी ही पाचसहा माणसे गप्प का राहतात, आणि त्यांतील एखादा कधीकाळी बोलता झालाच तर तो कशामुळे होतो, हा प्रश्न बहुधा आपण नीतिपाठावर किंवा वृत्तपत्रांच्या अग्रलेखांवर सोपवून देतो. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नाला वाहिलेला आहे.

प्रथम विषयाची हद्द आखून घेणे अवश्य आहे. जेनेट निअर आणि मार्शिया मिसेली या अमेरिकन विदुषींनी १९८५ साली अशा बोलण्याची जी व्याख्या केली तीच आज या क्षेत्रात सर्वत्र प्रमाण मानली जाते : संस्थेत काम करणाऱ्या अथवा पूर्वी करीत असलेल्या व्यक्तीने, मालकाच्या किंवा वरिष्ठांच्या ताब्यातील बेकायदेशीर, अनैतिक वा अनधिकृत कृत्याची माहिती, त्याचा बंदोबस्त करू शकेल अशा व्यक्तीला किंवा संस्थेला देणे. या व्याख्येतील प्रत्येक पद तोलूनमापून घातलेले आहे. माहिती देणारा आतला असला पाहिजे. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणारा नागरिक वा शोधक वार्ताहर, त्याचे कार्य कितीही जोखमीचे असले तरी, या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. माहिती ऐकणाऱ्याच्या हाती काही करण्याचे सामर्थ्य असले पाहिजे. म्हणून चहाच्या टपरीवर साहेबांच्या टक्केवारीचा हिशेब मांडणारे, आणि तो फारच अचूक मांडणारे, आपले असंख्य बंधू येथे मोजले जात नाहीत. आपली बढती डावलली गेली किंवा रजा नामंजूर झाली अशी स्वतःपुरती कैफियत आणि ज्याची झळ इतरांना अथवा सर्व समाजाला लागते अशा अपकृत्याची खबर, यांतला भेदही ध्यानात ठेवावा लागतो. मात्र प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकाच अर्जात, कित्येकदा एकाच वाक्यात, गुंतलेल्या आढळतात, आणि वरिष्ठांना तो अर्ज केराच्या टोपलीत टाकण्यासाठी नेमके तेच निमित्त पुरते.

या विषयाचा इतिहास सांगणारे ग्रंथकार सहसा अमेरिकेपासून आरंभ करतात. १७७८ साली तेथील क्रांतिकालीन काँग्रेसने, आपल्या आरमारप्रमुखाविरुद्ध गाऱ्हाणे करणाऱ्या खलाशांची बाजू घेऊन, अपकृत्याची खबर देणे हे राज्याच्या सेवेतील प्रत्येकाचे कर्तव्य आहे असा ठराव केला, आणि १८६३ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत, सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या मक्तेदारांविरुद्ध, खबर देणाराला वसुलीत वाटा देणारा कायदा झाला. हे सर्व खरे आहे. पण मराठी वाचकाला या विषयाचा गाभा कळावा म्हणून इतके दूर जाण्याची गरज नाही. १८८८ साली पुण्यात जे प्रकरण घडले त्यात आजच्या सर्व सिद्धान्तांची बीजे सापडतात, आणि म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आर्थर क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्याच्या मध्यभागाचे कमिशनर. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर या नात्याने त्यांनी पूर्वी नाव कमावले होते आणि तेथील मोठ्या मंडईला त्यांचेच नाव दिले गेले होते. कमिशनरांच्या हाती मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या असत. त्या पैसे घेऊन केल्या जातात, आणि पैसे हणमंतराव नावाच्या मध्यस्थाच्या हातून पोहोचतात, हे त्या भागातील महसूल खात्यात कोणापासून लपलेले नव्हते. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने अखेर चौकशी करण्याचे ठरवले तेव्हा पेच असा पडला की, पैसे घेतल्याचे सांगू शकणारे साक्षीदार म्हणजे पैसे देणारेच, आणि खरी साक्ष द्यावी तर तीच त्यांचा कबुलीजबाब ठरणार. म्हणून पोलीस खात्याचे मुख्य अधिकारी ओमॅनी यांच्यामार्फत सरकारने अभय दिले : जे मामलेदार खरे सांगतील त्यांच्या नोकरीला धक्का लागणार नाही. त्या वचनावर विसंबून मामलेदार बोलले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने लाचलुचपतीचे आरोप सिद्ध मानले नाहीत, हाताखालच्या माणसांकडून कर्ज काढल्याचा ठपका तेवढा ठेवला, आणि क्रॉफर्डसाहेबांना नोकरीतून जावे लागले. परंतु गोष्ट येथे संपली नाही. पैसे देऊन हुद्दा मिळवलेली माणसे दंडाधिकाऱ्याचे काम कशी करू शकतात, असा गलबला इंग्रजी पत्रांत आणि विलायतेत पार्लमेंटात झाला, आणि त्या दडपणाखाली सरकारने दिलेले वचन गुंडाळून ठेवून साक्ष देणाऱ्यांपैकी काही मामलेदारांना नोकरीवरून दूर केले. टिळकांनी ‘केसरी’तून आणि १८८९ साली पुण्यात भरलेल्या सभेतून जो प्रश्न लावून धरला तो क्रॉफर्डच्या अपराधाचा नव्हता, सरकारने दिलेल्या शब्दाचा होता.

या प्रकरणातील मामलेदार काही साधुपुरुष नव्हते, आणि ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. आतली खबर असलेला माणूस बहुधा स्वतः थोडाफार माखलेला असतो. निष्कलंक माणसाला पुष्कळदा ती खबर लागतच नाही. तेव्हा ‘खबर देणाराचे हात स्वच्छ असावेत’ अशी अट घालणारी व्यवस्था प्रत्यक्षात खबरच नको असे म्हणत असते. आणि दुसरे असे की, सरकारने त्या मामलेदारांना दूर केले तेव्हा पुढच्या पिढीतील प्रत्येक शिरस्तेदाराला आणि अव्वल कारकुनाला एक धडा मिळाला, जो कोणत्याही परिपत्रकाने पुसला जाणे कठीण होते. माणूस बोलेल की नाही हे त्याच्या छातीच्या मापापेक्षा त्याच्या आधी बोललेल्याचे काय झाले यावर अधिक अवलंबून असते. कचेरीला स्मरणशक्ती असते आणि ती दफ्तराहून टिकाऊ असते. या ग्रंथाकडे पाहण्याची माझी दृष्टी ही आहे, आणि ती मी वाचकांपासून लपवून ठेवीत नाही.

या क्षेत्रातील विचारांचे स्थूलमानाने काही संप्रदाय मानता येतील, जरी त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

पहिला आणि सर्वांत जुना संप्रदाय चारित्र्याचा. त्याच्या मते बोलणे हा गुण आहे आणि तो ज्याच्या अंगी असेल तो बोलतो. आपल्याकडे या पक्षाचे आराध्यदैवत रामशास्त्री प्रभुणे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे राघोबादादांना तोंडावर सांगून पुणे सोडणाऱ्या या पुरुषाची कथा आपण शालेय वयात ऐकतो, आणि तिचे तेज कमी करण्याचा माझा हेतू नाही. तथापि रामशास्त्री न्यायाधीश होते. दोष दाखवणे हे त्यांच्या पदाचे कामच होते, त्यांची विद्वत्ता सर्वमान्य होती, आणि पुढे बारभाईंच्या कारभारात ते त्याच पदावर सन्मानाने परतले. मोजमाप-पुस्तिका भरणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला यांपैकी कशाचाही आधार नसतो. शिवाय संशोधनाचा कौल या संप्रदायाला फारसा अनुकूल नाही. जेसिका मेस्मर-मॅग्नस आणि चॉकलिंगम विश्वेश्वरन् यांनी २००५ साली सव्वीस नमुन्यांतील अठरा हजारांहून अधिक माणसांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वय, लिंग, शिक्षण, सेवाकाळ यांसारख्या वैयक्तिक गोष्टींचा बोलण्याच्या इच्छेशी असलेला संबंध क्षीण आढळला. आणि त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ‘मी बोलेन’ असे म्हणण्याशी ज्या गोष्टी निगडित होत्या त्या प्रत्यक्ष बोलण्याशी तितक्याशा निगडित नव्हत्या.

इच्छा आणि कृती यांमधील ही दरी किती रुंद असते हे ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने फार स्पष्ट दाखवले. पिएरो बोक्कियारो, फिलिप झिंबार्डो आणि पॉल व्हान लांगे या तिघांनी विद्यार्थ्यांपुढे एक अघोरी वाटावा असा संशोधनाचा बेत मांडला, त्यात इतरांनी भाग घ्यावा म्हणून त्यांची भलावण करणारे पत्र लिहिण्यास सांगितले, आणि ज्याला हा बेत गैर वाटेल त्याने नीतिसमितीकडे कळवावे म्हणून शेजारच्या खोलीत एक अर्ज आणि एक पेटीही ठेवली. केवळ कल्पना करून उत्तर देणाऱ्या १३८ विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी आपण समितीकडे कळवू असे सांगितले, आणि आपण मुकाट्याने पत्र लिहून देऊ असे म्हणणारे चार टक्केही भरले नाहीत. प्रत्यक्ष प्रसंगात सापडलेल्या १४९ जणांपैकी ७६ टक्क्यांहून अधिकांनी पत्र लिहून दिले आणि समितीकडे कळवणारे साडेनऊ टक्क्यांच्याही आत राहिले. आपल्या कंपन्यांतून दरसाल ज्या प्रश्नावल्या फिरतात आणि ज्यांत नव्वद टक्के नोकर आपण गैरप्रकार सहन करणार नाही असे ठासून सांगतात, त्यांचे मोल काय करावे हे या आकड्यांवरून वाचकांनी ठरवावे.

दुसरा संप्रदाय सामाजिक मानसशास्त्राचा, आणि त्याचे मूळ साक्षीभावाच्या अभ्यासात आहे. बिब लातने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ साली केलेला धुराचा प्रयोग प्रसिद्ध आहे. माणूस खोलीत प्रश्नावली भरत एकटा बसला असता भिंतीतील फटीतून धूर येऊ लागला तर शंभरांतील पंचाहत्तर जण उठून खबर देत. तोच माणूस, धुराकडे दुर्लक्ष करण्याची तालीम दिलेल्या दोघांच्या संगतीत बसला असता, दहांतील एखादाच उठे. बाकीचे डोळे चोळीत, खोकत, हाताने धूर सारीत प्रश्नांची उत्तरे लिहीत राहत. नंतर विचारले असता ही माणसे आपण घाबरलो होतो असे म्हणत नसत. धूर म्हणजे वाफ असेल, शहरातले धुके असेल, असा काहीतरी निरुपद्रवी अर्थ त्यांनी लावलेला असे. कचेरीतील मौनाचा पुष्कळसा भाग याच जातीचा आहे. इतर कोणी काही म्हणत नाही, तेव्हा ‘हा येथला शिरस्ताच असेल’ असा अर्थ लावणे नवख्या कारकुनाला सोयीचे जाते, आणि वर्षभरात तो स्वतःच त्या शिरस्त्याचा एक भाग होऊन पुढच्या नवख्यापुढे स्वस्थ बसून राहतो.

तिसरा संप्रदाय हिशेबाचा. अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने बोलणारा माणूस लाभहानीचा ताळा मांडतो, आणि राज्याने त्या ताळ्यात मोबदल्याचे वजन टाकावे हे त्यांचे प्रतिपादन आहे. अमेरिकेने हे वजन उदारपणे टाकले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने दंडाची रक्कम दहा लाख डॉलरांवर गेल्यास खबर देणाराला तिचा दहा ते तीस टक्के हिस्सा मिळतो. १८६३ च्या कायद्याचा लाभ आपल्या देशाशी संबंधित अशा एका प्रकरणातही दिसून आला : रॅनबॅक्सी कंपनीच्या औषधांच्या खोट्या कागदपत्रांविषयी त्या कंपनीत काम केलेले दिनेश ठाकूर यांनी अमेरिकन औषध प्रशासनाला खबर दिली, कंपनीने २०१३ साली दोष कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, आणि त्यांतून ठाकूर यांना पाच कोटींच्या जवळपास डॉलर मिळाले. आपल्या सेबीनेही २०१९ साली आतल्या माहितीवर चालणाऱ्या समभाग-व्यवहारांची खबर देणाराला वसुलीचा दहा टक्के हिस्सा देऊ केला. त्याची कमाल मर्यादा प्रथम एक कोटी रुपये होती, ती पुढे वाढवण्यात आली. मोबदल्याने खबरा वाढतात यात शंका नाही. परंतु हिशेबाच्या संप्रदायाला एक गोष्ट उमगत नाही, असे मला वाटते : ठाकूर यांच्या प्रकरणाचा निकाल लागण्यास आठ वर्षे लागली, आणि बोलू की नको असा विचार करणारा मध्यमवर्गीय नोकर आठ वर्षांनंतरच्या घबाडाकडे न पाहता पुढच्या महिन्याच्या पगाराकडे आणि घराच्या हप्त्याकडे पाहतो.

चौथा संप्रदाय संस्थेच्या रचनेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत फलदायी ठरला आहे. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली मांडले की, संस्था बिघडली असता तिच्यातील माणसापुढे निघून जाणे आणि बोलणे असे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा ही त्यांच्यात मध्यस्थी करते. त्यानंतरच्या अभ्यासकांनी माणसावरचा प्रकाशझोत काढून ऐकणाऱ्यावर टाकला. १९८७ साली बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही नौका पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने उलटली आणि १९३ माणसे दगावली. दरवाजे लागले की नाही हे सुकाणूच्या खोलीत कळावे म्हणून एक दिवा बसवावा, अशी मागणी कंपनीच्याच कप्तानाने दोन वर्षे आधी लेखी केली होती; आणि किनाऱ्यावरील व्यवस्थापकांनी त्या कागदावर थट्टेचे शेरे मारून तो परत केला होता. चौकशीत ही टिपणे बाहेर आली. ब्रिटनमध्ये १९९८ साली सार्वजनिक हिताच्या खुलाशांना संरक्षण देणारा जो कायदा झाला त्याच्या पार्श्वभूमीला अशा अपघातांची मालिकाच होती. या उदाहरणात धैर्याची उणीव कोठेच नाही. बोलणारा बोलला होता, आणि त्याच्या बोलण्याची टवाळी झाली होती. ज्याने ती टवाळी पाहिली असेल असा दुसरा कप्तान पुढल्या वेळी पत्र लिहील काय?

याच दिशेने अमेरिकेतील संघराज्याच्या नोकरांची १९८० च्या सुमारास जी पाहणी झाली तिचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला : गैरप्रकार ठाऊक असूनही न बोलणाऱ्यांनी सर्वाधिक वेळा दिलेले कारण सूडाचे भय हे नव्हते, बोलून काही होणार नाही, हे होते. एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास करताना असे आढळले की, ज्या विभागांत परिचारिकांचे आणि वरिष्ठांचे संबंध चांगले होते त्याच विभागांत चुकांची नोंद अधिक होती. चांगल्या विभागात चुका अधिक होतात असा याचा अर्थ नव्हता. त्या सांगितल्या जातात, असा होता. आपल्याकडे ज्या कार्यालयात तक्रार-नोंदवही वर्षभर कोरी राहते त्याच्या प्रमुखाला शाबासकी मिळते. ही शाबासकी देण्यापूर्वी तपासणी-अधिकाऱ्याने एडमंडसनबाईंचा हा निष्कर्ष वाचावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

पाचवा विचार निष्ठेचा आणि संस्कृतीचा. ॲडम वेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले की, न्यायाविषयी निबंध लिहावयास लावलेली माणसे निष्ठेविषयी निबंध लिहिलेल्यांपेक्षा बोलण्यास अधिक राजी असतात. म्हणजे एकाच माणसाच्या मनात दोन सद्गुण परस्परांविरुद्ध उभे असतात आणि कोणाची आठवण ताजी आहे यावर पारडे झुकते. कोरिया, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांची तुलना करणारे अभ्यासही झाले आहेत. खाल्ल्या मिठाला जागावे ही शिकवण आपल्यात खोल रुजली आहे, आणि तिचा अवमान करण्याचे मला कारण दिसत नाही; प्रश्न एवढाच की ते मीठ कोणाचे. सरकारी नोकराला पगार साहेब देत नाही, हे त्याला स्वतःलाही महिन्यातून एकदा आठवत असावे. आपल्या कचेऱ्यांत निष्ठेबरोबर जात, गाव, नात्यागोत्याची ओळख आणि एकाच भरतीतून आलेल्यांचा बंधुभाव हेही काम करतात. ज्या सहकाऱ्याविरुद्ध लिहायचे त्याच्याच वशिल्याने आपल्या मेहुण्याला रोजंदारीवर घेतलेले असते. परदेशी प्रश्नावल्यांच्या रकान्यांत हा मेहुणा बसत नाही. प्रस्तुत ग्रंथाचे मूळ प्रयोजन तेथे आहे.

भारतातील कायद्याची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी तिचा मुख्य धागा दाखवतो. विधि आयोगाने २००१ साली आपल्या १७९ व्या अहवालात खबर देणारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा सुचवला होता. तो अहवाल धूळ खात असतानाच, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी २००२ साली सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी त्यात विनंती केली. पत्र नावासकट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. तपासयंत्रणेने तो लूटमारीच्या हेतूने झाल्याचे न्यायालयात मांडले आणि त्याबद्दल शिक्षाही झाल्या. परंतु हेतू काहीही असो, गुप्ततेची विनंती असलेला कागद आवक-जावक बारनिशीतून कसा उघडा फिरतो हे सर्व देशाने पाहिले. त्यानंतर २००४ च्या एप्रिलात केंद्र सरकारने एका ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा खबरा स्वीकारण्याचे काम सोपवले. त्या व्यवस्थेतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे : तक्रार बंद लिफाफ्यात पाठवायची, तक्रारदाराने नाव आत द्यायचे, आणि नाव फुटू नये म्हणून आयोग पोचपावती देत नाही. ज्या नोकराचे सारे आयुष्य आवक क्रमांकावर आणि पोचेवर भिस्त ठेवण्यात गेले त्याला, पोच मिळणार नाही हेच आपले संरक्षण आहे, असे पटवणे किती अवघड असेल याची कल्पना करता येते.

पुढे २०१४ साली संसदेने खबर देणारांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्याला राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघाली नाही. २०१५ साली त्यात दुरुस्तीचे विधेयक आले, ते लोकसभेत संमत झाले आणि पुढे व्यपगत झाले. त्या कायद्यात निनावी तक्रारीला स्थान नाही, आणि जाणूनबुजून खोटी खबर देणाराला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. खाजगी क्षेत्रात २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या आणि इतर काही मोठ्या कंपन्यांना दक्षता-यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले. तिचे स्वरूप बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावरील एक पान आणि एक दूरध्वनी क्रमांक एवढेच उरले आहे. उलट बाजूस, शासकीय नोकरांच्या वर्तणूक नियमांतील अनधिकृत माहिती देण्यास मनाई करणारा नियम आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा हे दोन्ही जिवंत आहेत आणि प्रत्येक नोकराला ते पाठ असतात. महाराष्ट्रात २०१२ साली जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांविषयी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना जे पत्र लिहिले त्याने राज्याचे राजकारण ढवळून निघाले. आणि २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खोट्या खात्यांची माहिती बँकेतील काही कर्मचाऱ्यांनीच रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचवल्याचे वृत्तपत्रांत आले. दर वर्षीच्या लेखापरीक्षणातून जे सुटले ते संगणकापुढे बसणाऱ्या माणसांना ठाऊक होते.

हा विषय आज अधिक तातडीचा झाला आहे याचे कारण नीतीचा ऱ्हास हे नव्हे. त्या ऱ्हासाचे रडगाणे प्रत्येक पिढी गात आली आहे. कारण असे की, कामाचे स्वरूप बदलले. कायम नोकर निदान बदलीला आणि खातेनिहाय चौकशीला तोंड देऊन नोकरीत टिकू शकत असे. अकरा महिन्यांच्या करारावरील माणसाला शिक्षा करावी लागत नाही, त्याचा करार वाढवला नाही म्हणजे झाले, आणि त्याबद्दल कारणे दाखवण्याची कोणावर सक्ती नाही. सूड घेतल्याचा पुरावाच शिल्लक राहत नाही. दुसरीकडे, पूर्वी कपाटातील नस्तीत असलेली माहिती आता खिशातील यंत्रात मावते, आणि ती बाहेर नेणाराने बोलावे की नुसते पाठवावे हा नवाच प्रश्न उत्पन्न झाला आहे.

या ग्रंथाने जे योजले आहे ते असे. त्याने परदेशी सिद्धान्त मराठीत आणून ठेवण्याचे काम केले आहे, पण तेवढ्यावर न थांबता त्यांना आपल्या कचेरीत, कारखान्यात, सहकारी संस्थेत आणि रुग्णालयात उभे करून ते तेथे टिकतात काय हे पाहिले आहे. त्यासाठी निरनिराळ्या थरांतील नोकरांच्या मुलाखतींचा आधार घेतला असून, कोणाचेही नाव, गाव वा खाते ओळखू येणार नाही अशी दक्षता घेतली आहे. बोललेल्यांपेक्षा न बोललेल्यांना अधिक जागा दिली आहे, आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. कारण बोललेल्यांची चरित्रे लिहिली जातात, त्यांच्यावर चित्रपट निघतात, आणि त्यांवरून सिद्धान्त बांधले की ते साहजिकच वीरपूजेकडे झुकतात. गप्प राहिलेला माणूस भित्रा असतोच असे नाही. कित्येकदा तो योग्य वेळेची वाट पाहत असतो, कित्येकदा त्याने एकदा तोंडी सांगून पाहिलेले असते आणि ‘बघतो’ एवढे उत्तर ऐकून तो परतलेला असतो, व त्या ‘बघतो’नंतर जे काही घडते किंवा घडत नाही त्यावरच बाकीच्या मजल्याचे वर्तन ठरते. प्रथम ऐकणारा हा बहुतेक वेळा दक्षता अधिकारी नसतो, लगतचा वरिष्ठ असतो. म्हणून या ग्रंथाचा मोठा भाग त्या वरिष्ठाविषयी आहे, त्याला काय ऐकू येते, काय ऐकू येऊ नये असे वाटते, आणि ऐकल्यावर त्याच्या स्वतःच्या गोपनीय अहवालाचे काय होते याविषयी आहे.

ग्रंथाशी माझे सर्वत्र मतैक्य आहे असे नाही. मोबदल्याविषयी लेखकाचा कल माझ्यापेक्षा अनुकूल आहे. निनावी अर्जांविषयीही मी त्याच्याहून थोडा अधिक उदार आहे : केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी तक्रारींवर कार्यवाही करू नये असे बजावले त्यामागे छळवादी अर्जांचा अनुभव होता हे मान्य, पण ज्या व्यवस्थेत नाव दिल्यावर ते फुटते तेथे नाव न देणाराला दोष देणे मला जड जाते. घरकामगार, सफाई कामगार आणि ऊसतोडणी कामगार यांच्याविषयीचे विवेचन या आवृत्तीत अपुरे आहे. ज्यांच्या कामाला कचेरी नाही, हजेरीपट नाही आणि मुकादमाखेरीज वरिष्ठ नाही त्यांनी अपकृत्याची खबर कोणाला द्यावी, हा प्रश्न लेखकाने उपस्थित करून ठेवला आहे आणि त्याचा शोध पुढील आवृत्तीसाठी चालू असल्याचे मला सांगितले आहे. दरम्यान ज्यांच्या हाताखाली दहा माणसे काम करतात अशा प्रत्येक अधिकाऱ्याने हा ग्रंथ वाचावा, आणि वाचताना आपण त्या दहांपैकी एक आहोत असे समजून वाचावा, अशी माझी शिफारस आहे.